बसून पाहिल्याशिवाय

फर्निचर डिझाइनच्या पदवी प्रदर्शनात खुर्चीवर ‘कृपया बसू नये’ अशी पाटी लावायची पद्धत कोणी पाडली, त्याला एकदा गाठायला हवे. यंदाही ती पाटी भेटली. खुर्ची देखणी होती आणि मागच्या भिंतीवरची तिची संगणकावर काढलेली चित्रे तिच्याहून देखणी. पाठीचा भाग जरा दाबला तर सांधा कुरकुरला. चार वर्षांचा अभ्यासक्रम, आणि बसता येत नाही. तक्रार कोणा एका संस्थेची नाही. छत्रपती संभाजीनगरात शासकीय कला महाविद्यालय आहे, एमजीएम विद्यापीठात डिझाइनचे शिक्षण मिळते; पण पुण्या-मुंबईची प्रदर्शने पाहिली तरी हेच दिसते.

विद्यार्थ्यांच्या कामात सध्या काय चालते? रेझिन ओतलेली टेबले, ती हॉटेलच्या लॉबीला लखलाभ. चंडीगडसाठी वास्तुविशारद जानरेने केलेल्या खुर्चीचे उलट्या ‘व्ही’सारखे पाय, ही लिलावातले आकडे वाचून जडलेली भक्ती. टायरची स्टुले पर्यावरणाच्या नावाने माफ करू. प्लाय-सनमाईकाचे मॉड्युलर संच तर कुठलाही ठेकेदार शिकवील, त्याला पदवी कशाला?

ज्या कामामुळे हा लेख लिहावासा वाटला, ते थोडे आहे आणि कोपऱ्यात मांडलेले असते. एक आरामखुर्ची पाहिली: सांगाडा बाभळीचा, बसायला बाजेसारखी विणलेली नवार. बाभूळ म्हणजे बैलगाडीचे लाकूड. जड, चिवट, मराठवाड्यात बांधाबांधावर उभे. फर्निचरवाले त्याच्या वाटेला जात नाहीत. ते सागासारखे सरळ निघत नाही, रंध्याला सहज दाद देत नाही, नीट वाळवले नाही तर पिळवटते. करणाऱ्या मुलीने त्याचा बाक तसाच ठेवून त्यातून पाठ काढली होती. खाचेत कुसू ठोकून बसवलेला, स्क्रू एकही नाही. मी बसलो. कुणी अडवले नाही.

दुसरे काम लोखंडी नळीचे. मार्सेल ब्रॉयरने 1925 मध्ये सायकलचे हँडल पाहून वाकवलेल्या नळीची खुर्ची केली, हे प्रत्येक विद्यार्थी परीक्षेत लिहितो. पण 1985 पासून छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला बजाजचा कारखाना आहे आणि त्याच्या आसऱ्याने वाढलेल्या शेडमध्ये नळ्या वाकवणारे कसबी हात आहेत, हे त्याच्या उत्तरपत्रिकेत येत नाही. ज्या एका मुलाने तिथल्या वाकवणी यंत्रावर बाकाचे पाय करून घेतले, त्याच्या बाकाला वेल्डिंगचा एकच टाका आहे, तोही मागच्या बाजूला. इतका संयम मोठमोठ्या शोरूममध्ये दिसत नाही.

छत्रपती संभाजीनगराला लाकडाचे आणि बसण्याचे शिक्षण बाहेरून आणावे लागावे, हे जरा विचित्रच. कार्ल्याच्या चैत्यात छताच्या लाकडी कमानी अजून टिकून आहेत. शहराजवळच्या वेरूळच्या दहाव्या लेण्यात तसल्याच कमानी दगडात कोरल्या. म्हणून लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात. आत बुद्ध पाय खाली सोडून आसनावर बसलेला आहे. तिथे सहली जातात, मोबाइलवर फोटो निघतात. त्या आसनाची उंची, गुडघ्याचा कोन, पाठीचा कल मोजून आणा, असे कुणी सांगत नाही.

सांगणार कोण? अमेरिकन डिझायनर इम्स दांपत्याने भारतातल्या डिझाइनवरच्या 1958 च्या अहवालात लोट्यावर लिहिले आणि 1961 मध्ये अहमदाबादला एनआयडी ही डिझाइनची राष्ट्रीय संस्था सुरू झाली, हे सगळ्यांना पाठ आहे. तो लोटा घडवणारा तांबट मात्र आपल्या वर्गात येत नाही. सुतार येतो, पण ‘वर्कशॉप हेल्पर’ म्हणून. विद्यार्थी रेखाटन करतो, हेल्पर करवत चालवतो आणि गुण विद्यार्थ्याला मिळतात. आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. त्यातली मुले आणि डिझाइनची मुले एकाच शहरात राहून एकमेकांना ओळखत नाहीत. जातीने जे वेगळे ठेवले होते, ते आपण प्रवेशपरीक्षा आणि फी यांनी पुन्हा वेगळे केले. बलुतेदारीतल्या सुताराला निदान घरोघरी कशी बसणूक लागते हे ठाऊक होते.

पदवी नसलेल्याला शिकवायला कसे घेणार, ही सबब आता चालणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची वाट मोकळी केली. त्यात औपचारिक पदवीची सक्ती नाही, आपल्या क्षेत्रातला किमान 15 वर्षांचा अनुभव हवा आणि ललित कलांनाही ही वाट खुली आहे. मात्र अनुभव शक्यतो वरिष्ठ पदावरचा असावा, असेही लिहिले आहे. संस्था या शब्दांचा आधार घेऊन कंपन्यांतले निवृत्त अधिकारी आणतील आणि ते ‘डिझाइन थिंकिंग’वर स्लाइड दाखवतील. तीस वर्षे पटाशी चालवलेल्या माणसाचे पद वरिष्ठ नाही, तर कोणाचे? संस्थाचालकांनी पुढच्या जूनमध्ये पहिल्या वर्षाच्या वेळापत्रकात एका मिस्त्रींचे नाव प्राध्यापक म्हणून घालावे, आणि पगारही प्राध्यापकाचाच द्यावा.