गव्हाचा दाणा आणि इल्यूशाची कबर

मरणातून नवजीवन ही ख्रिस्ती श्रद्धेची मध्यवर्ती कल्पना होय. फ्योदोर दोस्तोयव्हस्कीने ‘द ब्रदर्स कारामाझोव्ह’ (१८७९-८०) या आपल्या अखेरच्या कादंबरीच्या शिरोभागी योहानकृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातील चोविसावे वचन घातले आहे. भूमीत पडून न मेलेला गव्हाचा दाणा एकटाच राहतो, मेलेला मात्र विपुल पीक देतो, असा त्याचा आशय. १८८१ साली निवर्तलेल्या लेखकाच्या समाधीवरही हेच वचन कोरलेले आहे. त्यामुळे ते कादंबरीचा निष्कर्ष मानण्याकडे कल होणे स्वाभाविक असले, तरी तसे मानणे समर्थनीय नाही. कादंबरीत ते कसोटीला लावलेले विधान म्हणून येते.

वचनास अनुकूल असा पुरावा कथानकात विपुल आहे. अल्पवयात मृत्यू पावलेल्या मार्केलचे अखेरचे बोल त्याच्या धाकट्या भावाच्या, म्हणजे पुढे मठवासी झालेल्या झोसिमाच्या, जीवनात रुजतात; झोसिमाचे जीवन अल्योशात रुजते. गुरूच्या निधनानंतर अल्योशा भूमीवर पडतो आणि निराळाच मनुष्य होऊन उठतो. दाण्याचे रूपक येथे जवळजवळ अक्षरशः घडते.

तथापि इव्हानचा आक्षेप याच रूपकाच्या मुळावर येतो. निरपराध बालकाच्या यातनांच्या मोलाने भावी सुसंवाद विकत घ्यावयाचा असेल, तर तो सौदाच आपणास मान्य नाही, असे तो म्हणतो. अल्योशा त्यावर तर्क लढवीत नाही. ज्याने स्वतःचे रक्त वाहिले त्या ख्रिस्ताची तो आठवण देतो. या उत्तराचा मर्मार्थ एका भेदात आहे. स्वतःचे मरण अर्पण करणे निराळे आणि दुसऱ्याच्या मरणाचा हिशेब मांडणे निराळे. पहिले प्रेम होय. दुसरे प्रेमाच्या भाषेत केलेले क्रौर्य ठरू शकते.

हा भेद इल्यूशाच्या प्रकरणात प्रत्यक्ष होतो. पित्याच्या अपमानासाठी साऱ्या वर्गाशी झुंजलेला हा मुलगा मरणशय्येवरून पित्याला सुचवितो की, आपल्यामागे दुसरा चांगला मुलगा आणावा, त्याला आपलेच नाव द्यावे आणि आपल्याऐवजी त्याच्यावर माया करावी. हे निखळ आत्मार्पण आहे. परंतु कप्तान स्नेगिर्योव्ह ते स्वीकारीत नाही. त्याला दुसरा मुलगा नको आहे. मुलाने अर्पण करावे आणि पित्याने ते नाकारावे, या दोन्ही कृती प्रेमाच्याच आहेत. कादंबरीकार त्यांतील एकीलाही खोटी पाडीत नाही. लेखनारंभापूर्वी, मे १८७८ मध्ये, त्याचा स्वतःचा तीन वर्षांचाही न झालेला पुत्र अल्योशा मरण पावला होता, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

उपसंहाराची रचना या दृष्टीने तपासली पाहिजे. अंत्यविधीनंतर अल्योशा शिळेजवळ मुलांना स्मरणाचा व परस्परप्रेमाचा उपदेश करतो आणि कोल्याच्या प्रश्नावर पुनरुत्थानाची ग्वाही देतो. त्या वेळी पिता तेथे नाही. तो घरी मुलाचे बूट कवटाळून रडत आहे, आणि त्याला रडू द्यावे, असे अल्योशानेच सांगितले आहे. पीक आले आहे. जे मुलगे एके काळी इल्यूशावर दगड फेकीत होते तेच आता त्याच्या स्मरणाने एकत्र बांधले गेले आहेत. मात्र ते पीक पित्यापुढे भरपाई म्हणून ठेवले जात नाही.

पित्याच्या वाट्याला येते ती एक लहानशी कृती. कबरीवर चिमण्या याव्यात व आपणास एकटे वाटू नये, म्हणून पावाचा चुरा टाकावा, ही मुलाची इच्छा तो पाळतो. दाणा ज्या एकटेपणातून सुटतो असे वचन सांगते, त्याच एकटेपणाची ही धास्ती आहे. तिच्यावर युक्तिवादाने मात करता येत नाही, हे कादंबरी जाणते. म्हणूनच तिच्यातील श्रद्धा इव्हानच्या आक्षेपापुढेही टिकून राहते.