दाद आणि मत : दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धांविषयी

मुशायऱ्यात दाद शेराला मिळते. एकाच गझलेतील एका शेरावर 'मुकर्रर'चा आग्रह होतो, तर दुसरा शेर श्रोते गप्प राहून ऐकतात. शायर तोच असतो. कव्वालीच्या महफिलीतही हाच शिष्टाचार आहे, आणि कलबुर्गीला ख्वाजा बंदेनवाज यांच्या उरुसाला जाणाऱ्या या भागातील श्रोत्यांना तो सांगावा लागत नाही. दाद द्यायची तर आधी ओळ ऐकावी आणि समजून घ्यावी लागते.

गायनस्पर्धांनी दादेच्या जागी मत आणले. मत व्यक्तीला मिळते आणि ते न ऐकताही देता येते. 'इंडियन आयडॉल'च्या पहिल्या पर्वात (२००४-०५) एसएमएसद्वारे मतदान झाले. मुंबईचे अभिजीत सावंत मार्च २००५ मध्ये विजयी झाले व त्याच वर्षी त्यांचा अल्बम बाजारात आला. पूर्वी गायक घडे, मग त्याला श्रोता मिळे. येथे ग्राहक आधी तयार झाला आणि त्याच्यासाठी गायक घडवला गेला. गायकाचे घर, गरिबी, आईचे अश्रू यांनाही त्या घडणीत सुरांइतकेच स्थान मिळाले.

२००५ मधील 'फेम गुरुकुल'ने हा फरक उघड केला. काश्मीरच्या काझी तौकीर यांच्या गाण्यातील उणिवा परीक्षक वारंवार दाखवीत होते. तरीही रूपरेखा बॅनर्जी यांच्यासह विजयी जोडीत तेच आले. यात त्या तरुणाचा दोष नाही. प्रेक्षकांनी त्याच्यावरील प्रेम नोंदवले. परीक्षक गाण्याविषयी बोलत होते, मतदारांपुढे प्रश्नच वेगळा होता.

या स्पर्धांचे श्रेय नाकारणे मात्र अन्यायाचे होईल. बीदरला लागून असलेल्या लातूरचा रोहित राऊत २००८-०९ च्या मराठी 'लिटिल चॅम्प्स'मुळे घरोघरी पोचला. एरवी अशा गावातील मुलाला मुंबईचे दार कोणी उघडले असते? पण तोच रोहित दहा-अकरा वर्षांनी 'इंडियन आयडॉल'च्या अकराव्या पर्वात पुन्हा उमेदवार म्हणून उभा राहिला व उपविजेता ठरला. पहिली कीर्ती टिकाऊ असती तर दुसऱ्यांदा मते मागावी लागली नसती.

सीमाभागात मराठी व कन्नड दोन्ही वाहिन्या पाहिल्या जातात. २०२४ मध्ये अभिजीत सावंत मराठी 'बिग बॉस'चे उपविजेते झाले. कन्नड 'सरिगमप'मधून पुढे आलेले हावेरी जिल्ह्यातील मेंढपाळ गायक हनुमंत लमाणी २०२५ च्या जानेवारीत कन्नड 'बिग बॉस'चे विजेते झाले. दोघांचीही ओळख गळ्याने झाली होती. वाहिन्यांना पुढे चेहरा उपयोगी पडला.

याच प्रदेशाजवळ दुसरी परंपरा घडली. मिरजेत स्थायिक झालेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य कुंदगोळचे सवाई गंधर्व, आणि त्यांचे शिष्य गदगचे भीमसेन जोशी. उस्ताद मुसलमान, शिष्य कन्नड मुलखातले, आणि सवाई गंधर्वांची कीर्ती मराठी रंगभूमीवरही. तेथे वर्षानुवर्षांची तालीम होती आणि चूक झाली तर तीच जागा पुन्हा घोटावी लागे. ती परंपराही सर्वांना खुली नव्हती, हे खरे. पण तिच्यात उस्तादाच्या कानाची जागा बहुमताला घेता आली नाही.

महाविद्यालयीन अध्यापकाने विद्यार्थ्याला स्पर्धेपासून अडवण्याचे कारण नाही. स्नेहसंमेलनात तो गातो तेव्हा टाळ्या सर्वच वाजवतात. कोणती जागा साधली व कोणती हुकली, हे दुसऱ्या दिवशी त्याला सांगणारे कोणीतरी हवे. ते काम कोणतीही वाहिनी करणार नाही.