कारभारणीचें मौन

कुसुमाग्रजांची ‘कणा’ ही कविता आमच्या घराघरांतून इतकी मुखोद्गत आहे, कीं तिजविषयीं शंका काढणें औद्धत्याचें ठरावें. पुरानें घर बुडालेला विद्यार्थी गुरुजींकडे येतो, पैसा नाकारतो आणि धीराचा स्पर्श तेवढा मागतो. पुरुषार्थाचें इतकें अल्पाक्षरी चित्र मराठींत विरळाच. परंतु यंदा पोफळीस गांवीं ती पुन्हां वाचतांना एक प्रश्न मनांतून जाईना: त्या घरांतल्या बाईला काय वाटलें असेल?

कवितेंत तिचा उल्लेख दोनदां येतो. ती वाचली, हें एकदां. पतीबरोबर पडझड सावरीत आहे, हें दुसऱ्यांदा. ती स्वतः एक अक्षरही बोलत नाहीं.

पोफळी कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशीं आहे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे घाटमाथ्यावर कोयनानगरचीं घरें कोसळलीं. 22 जुलै 2021 रोजीं खालीं चिपळुणांत वाशिष्ठीचें पाणी शिरलें. अशा वेळीं घरादारांचा पंचनामा होतो. पुढें कित्येक पावसाळे सर वाढतांच दचकून उठणारीच्या मनासाठीं त्यांत रकाना नसतो. घरांतील सर्वांस धीर द्यावयाचा तो तिनेंच. मग तिनें रडावें केव्हां?

30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर कित्येक गांवें नव्या जागीं, सरळ ओळींत आणि रुंद रस्त्यांवर वसविण्यांत आलीं. ज्या गल्लींत बायका मन मोकळें करीत, तो शेजार तुटला. मात्र त्याच भागांत स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या द्वारें गांवोगांवच्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ झाल्या; घरदुरुस्तीविषयीं गांवकऱ्यांशीं आणि अभियंत्यांशीं बोलूं लागल्या. गेलेलीं माणसें त्यानें परत येत नाहींत. तथापि आपल्या शब्दानें एखादी भिंत नीट उभी राहते, हा अनुभव खचलेल्या मनास मोठा आधार देतो. मनोवैद्याचें साहाय्य हवेंच. त्याबरोबर हा अधिकारही हवा.

कविता एका पुरुषाच्या तोंडची आहे; तिनें सर्वांचें बोलावें, ही अपेक्षा अन्यायाची होईल. दोष असलाच तर तो आम्हां शिक्षकांचा. प्रस्तुत लेखकानें ही कविता अनेक वर्षें शिकविली, विद्यार्थ्याच्या ताठ कण्याची थोरवी गाइली. परंतु गुरुजींच्या दारीं कारभारीण आली असती तर तिनें काय मागितलें असतें, हें वर्गांत एकदांही विचारलें नाहीं. या वर्षीं तो प्रश्न प्रथम विचारावयाचा, असें ठरविलें आहे.