उद्याच्या गाड्या, कालची स्वप्ने

कादंबरीकाराने मोटारींवर लिहावे, हे वाचकांना जरा चमत्कारिक वाटेल. पण ज्या मोटारींविषयी मी लिहीत आहे त्या मुळात कल्पितकथाच आहेत. आणि कल्पितकथेची परीक्षा करावयास मॅट्रिक झालेल्या शाळामास्तरासही हरकत नसावी.

लहानपणी वाचनालयातील जुन्या अमेरिकन मासिकांत या गाड्या मी प्रथम पाहिल्या. काचेचे घुमट, माशाच्या कल्ल्यांसारखे पंख, विमानासारखे टोकदार नाक! त्यांपैकी १९५८ ची ‘फायरबर्ड तीन’ आजही डोळ्यांपुढून हलत नाही. पुढे कळले की ही गाडी विकण्यासाठी नव्हतीच. ती दाखविण्यासाठी होती.

दाखविण्याची ही कला ‘जनरल मोटर्स’ कंपनीने १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात कळसास नेली. नॉर्मन बेल गेडिस हा मूळचा रंगभूमीचा नेपथ्यकार. त्याने ‘फ्यूचरामा’त १९६० सालची अमेरिका लहानशा प्रतिकृतीत उभी केली. प्रेक्षक सरकत्या खुर्चीत बसे, कानाशी निवेदन चाले, आणि खाली रुंद रस्ते, शेते, शहरे सरकत जात. शेवटी एक चौक दिसे. खुर्चीतून उतरावे तो तोच चौक खऱ्या आकारात समोर उभा, आणि त्यात कंपनीच्या नव्या मोटारी! रचनेच्या दृष्टीने हा शेवट अजोड आहे. पण कथेचा शेवट दुकानात झाला, हे समीक्षकाने विसरू नये.

१९४९ ते १९६१ या काळात कंपनीची ‘मोटोरामा’ प्रदर्शने भरत. १९५६ च्या प्रदर्शनातील एका चित्रपटात एक कुटुंब रस्त्याच्या कोंडीत उकडून निघते आणि १९७६ चे स्वप्न पाहते. त्या स्वप्नात नियंत्रण-मनोऱ्यातून आवाज येतो, वडील हात सोडून स्वस्थ बसतात आणि गाडी आपोआप धावते. गाणी आहेत, गंमत आहे. पाहताना मन प्रसन्न होते. मात्र कोंडीवर उतारा काय, तर आणखी एक मोटार! शेजारीही तीच घेतील, हे कथाकाराच्या ध्यानीच येत नाही.

त्याच १९५६ साली अमेरिकेत महामार्गांचा मोठा कायदा झाला. रस्ते झाले, दूरची गावे जवळ आली. पण पुष्कळ शहरांतील गरिबांच्या जुन्या वस्त्या त्या रस्त्यांखाली गेल्या. प्रतिकृतीत घरे हलविणे सोपे असते, कारण त्यांत कोणी राहत नसते. या कथांचा खरा दोष हाच: त्यांत देखावा आहे, पात्रे नाहीत.

तरीही मी त्यांना खोटे म्हणणार नाही. उद्याचा दिवस आजच्याहून बरा असेल, असे लहान मुलाला छातीठोकपणे सांगणारे किती लोक आज उरले आहेत? त्या चित्रांची ओढ वाटते ती गाड्यांसाठी नव्हे, त्या भरवशासाठी. फक्त तो भरवसा विक्रेत्याच्या हाती सोपवू नये.

मागे वर्गात मी मुलांना ‘उद्याची गाडी’ काढावयास सांगितली. बहुतेकांनी पंख काढले. एका मुलीने मात्र साधी एसटी काढली. पायरी जमिनीलगत, अगदी खाली. विचारले तेव्हा म्हणाली, “गुरुजी, आजीला चढता यायला हवं ना!”

पैकीच्या पैकी गुण मी तिलाच दिले.