मुलाम्याचा विवेक

मराठीत ‘मुलामा’ हा शब्द स्तुतीच्या अर्थाने क्वचितच येतो. ‘वरवरचा मुलामा’ म्हटले की आत काहीतरी हीण दडले आहे, अशी शंका ऐकणाऱ्याच्या मनात उभी राहते. हा कलंक कितपत न्याय्य आहे, हे पाहावयाचे तर मुलाम्यावाचून जिचे पानही हलत नाही अशी एखादी कला तपासावी. प्लॅस्टिकच्या लहान मोटारी जुळवून, घासून, रंगवून खऱ्या गाडीची प्रमाणबद्ध प्रतिकृती उभी करण्याची कला ही तशीच आहे. अमेरिकेत एएमटी या कंपनीने १९५८ साली १:२५ प्रमाणाचे, एकाच गाडीची तीन रूपे साधणारे संच बाजारात आणले आणि तेथे हा छंद घरोघर पोहोचला. आज त्याचे उपासक जगभर आहेत. त्यांच्या कौशल्याची खरी कसोटी लागते ती क्रोमच्या भागांवर.

ज्या गाड्यांच्या या प्रतिकृती, त्या मुळातच मुलाम्याच्या वैभवात न्हालेल्या होत्या. जनरल मोटर्सचे रचनाप्रमुख हार्ली अर्ल १९५८ साली निवृत्त झाले, त्या सुमारास अमेरिकन मोटारीवरील क्रोमने अगदी कळस गाठला होता. पोलादी बंपरवर निकेलचा थर आणि त्यावर क्रोमियमचा. हा वरचा थर बहुधा मिलिमीटरच्या एक-हजारांश भागाहूनही पातळ असे. परंतु तो निरुपयोगी नव्हता. निकेलला काळवंडू न देण्याचे काम तो करीत असे. म्हणजे मुलामा हा केवळ दिखाऊपणा असतो, हे गृहीत येथेच डळमळते.

प्रतिकृतीत हा प्रकार आणखी एक पायरी पुढे जातो. संचाच्या खोक्यातून येणारे चकचकीत भाग निर्वात पेटीत अ‍ॅल्युमिनियमची वाफ प्लॅस्टिकवर बसवून केलेले असतात. आणि क्रोम म्हणून विकल्या जाणाऱ्या फवाऱ्याच्या डब्यांतही सामान्यतः अ‍ॅल्युमिनियमचेच सूक्ष्म पापुद्रे असतात. नावात क्रोम, आत मात्र क्रोमियमचा कणही नाही! म्हणून ते खोटे मानावे काय? मला तसे वाटत नाही. प्रतिकृतीचे सत्य द्रव्याच्या सत्यात नसते. उजेड त्या वस्तूवर पडल्यावर कसा वागतो, यात ते असते.

नेमकी येथेच बहुतेक नवशिक्यांची गफलत होते. क्रोम हा एक रंग आहे, असे ते धरून चालतात. वास्तविक क्रोमला स्वतःचा रंग नाही. तो आरसा आहे. बंपरच्या वरच्या अर्ध्या भागात आकाश दिसते, खालच्या अर्ध्यात काळा रस्ता, आणि दोहोंमध्ये क्षितिजाची धारदार रेषा. साध्या डब्यातील फवारा मारला की पापुद्रे वेडेवाकडे बसतात, उजेड चहूकडे विखुरतो, आणि हाती येते ती आरशाऐवजी राखाडी चांदी. जाणता कारागीर प्रथम चकचकीत काळी जमीन तयार करतो, ती पूर्ण वाळू देतो आणि मग अल्क्लॅडसारखे द्रव्य एअरब्रशने अगदी विरळ, धुक्यासारखे चढवितो. हात जड झाला की आरसा मेलाच! वरून संरक्षक व्हार्निश दिले, तरी बहुधा तो मंदावतो. जमिनीवरचा दोषही लपत नाही. एक-दशांश मिलिमीटर जाडीचा धुळीचा कण १:२५ च्या हिशेबाने खऱ्या गाडीवर अडीच मिलिमीटरचा फोड होतो. मुलामा दोष झाकतो, असे आपण म्हणतो. येथे तर तो दोषांची दवंडी पिटतो.

तथापि तंत्र साधले म्हणजे कला साधली, असे नव्हे. या कलेतील पुष्कळ नामांकित कामांवरही माझा आक्षेप आहे, तो सरसकटपणाचा. त्या काळच्या गाडीवर पांढरे चमकणारे सारे काही क्रोम नव्हते. बंपर क्रोमचा, बाजूच्या पट्ट्या पुष्कळदा स्टेनलेस स्टीलच्या, आणि काही गाड्यांच्या पुढच्या जाळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या असत. क्रोमची झाक थंड आणि निळसर, स्टीलची किंचित उबदार, अ‍ॅल्युमिनियमची मवाळ. एकाच डब्यातून हे तिन्ही भाग फवारून काढणे म्हणजे तीन स्वरांऐवजी एकच स्वर मोठ्याने गाणे होय. आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगावयास नको. पितळेची समई, तांब्याचा कलश आणि गर्भकुडीच्या लाकडी चौकटीवर ठोकून बसविलेला चांदीचा पत्रा ही सारी एकाच दिव्याच्या उजेडात उजळतात. पण त्यांची तेजे निरनिराळी असतात, आणि त्या निराळेपणातच गाभाऱ्याची शोभा आहे. तेथे सगळ्यांवर एकच झिलई चढविली तर भाविकाच्या डोळ्याला ते क्षणभरही सोसणार नाही.

दुसरा आक्षेप अंधाराच्या अभावाचा. १९५८ सालच्या ब्यूइक गाडीच्या पुढच्या जाळीत क्रोमचे १६० चौकोनी ठोकळे होते. तिचा दिमाख त्या ठोकळ्यांत जितका होता, तितकाच त्यांच्यामधील काळ्या फटींतही होता. प्रतिकृतीत फटींसह सगळी जाळी लखलखीत केली की तिचा एक पांढरा पत्रा होतो आणि गाडीचा चेहराच हरवतो. पातळ काळा रंग फटींत सोडून वरचे उंचवटे पुसून घेणे, ही साधी युक्ती. पण तिच्यावाचून सर्वांत महाग क्रोमही आंधळे राहते. खिडक्यांच्या बारीक कडांनाही फवारा मानवत नाही. तेथे बेअर-मेटल फॉइलचा पातळ वर्ख चिकटवून जादा भाग धारदार पात्याने कापून काढणेच योग्य.

कोणी म्हणेल, टेबलावरच्या खेळण्याला एवढी चिकित्सा कशाला? लोकांना झगमगाट आवडतो, तो द्यावा. यावर माझे म्हणणे इतकेच की त्या गाड्यांपैकी फार थोड्या आज शिल्लक आहेत. बहुतेक भंगारात जाऊन वितळल्या. १९५९ सालची सुमारे पावणेसहा मीटर लांबीची कॅडिलॅक पुष्कळांना यापुढे भेटेल ती तेवीस सेंटिमीटरच्या रूपातच. तेव्हा ती प्रतिकृती ही एक साक्ष आहे, आणि साक्षीदाराने पदरचे काही घालावयाचे नसते. संचातील आयता झगमगाट ब्लीचिंगच्या द्रावणात बुडवून उतरविणारा, साच्याची शिवण घासून काढणारा आणि मग पुन्हा काळ्या जमिनीपासून आरंभ करणारा कारागीर म्हणूनच मला श्रेष्ठ वाटतो. तो चमक वाढवीत नाही. ती जिथली तिथे ठेवतो.

मुलामा मुळात खोटा नसतो. कोठे थांबावयाचे हे तो देणाऱ्याला कळले नाही, म्हणजे तो खोटा होतो.