सैतान : पद आणि व्यक्ती

सैतानाची व्यक्तिरेखा साहित्याच्या अभ्यासात बहुधा मिल्टनपासून मागे वाचली जाते. १६६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पॅराडाइज लॉस्ट’मधील स्वर्गच्युत व अभिमानी देवदूत वाचकाच्या मनावर इतका ठसलेला असतो, की बायबलच्या प्राचीन ग्रंथांतही तोच उभा आहे असे गृहीत धरले जाते. हे गृहीत मूळ संहितेवर अन्याय करणारे आहे. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात सर्प आहे, सैतान नाही. आणि तो सर्प वनपशूंपैकीच एक, सर्वांहून धूर्त, एवढेच तेथे म्हटले आहे.

हिब्रू ‘सातान’ हे मुळात सामान्यनाम होय. त्याचा अर्थ प्रतिपक्षी, वाट अडविणारा. गणनेच्या बाविसाव्या अध्यायात बलामाच्या गाढवीपुढे तलवार उपसून उभा राहणारा परमेश्वराचा दूत हा ‘सातान’ म्हणूनच उभा राहतो. भाषांतरांत येथे ‘सैतान’ हा शब्द येत नाही, आणि तो येणे शक्यही नव्हते; कारण हा प्रतिपक्षी ईश्वराच्याच आज्ञेत आहे. ईयोबाच्या ग्रंथात या शब्दाला निश्चित उपपद लागलेले आहे, म्हणजे तेथे नाव नसून पद आहे. ईश्वराच्या सभेत देवपुत्रांबरोबर हजर होणारा हा कोणी आरोपक-अधिकारी आहे. तो शंका घेतो, परवानगी मागतो व मिळालेल्या मर्यादेतच काम करतो. ईयोबाचा छळ त्याच्या हातून होतो खरा, पण अनुज्ञा ईश्वराची असते. आणि ईयोबाची तक्रारही ईश्वराकडेच आहे.

या कल्पनेत बदल कोठे झाला, हे पाहण्यास एक जोडी फार उपयोगी आहे. दाविदाने केलेल्या शिरगणतीची हकीकत दोनदा आली आहे. दुसऱ्या शमुवेलाच्या चोविसाव्या अध्यायात परमेश्वराचा कोप भडकून तोच दाविदाला गणतीस प्रवृत्त करतो. कित्येक शतकांनंतर लिहिल्या गेलेल्या पहिल्या इतिहासाच्या एकविसाव्या अध्यायात प्रसंग तोच, पण प्रवृत्त करणारा ‘सातान’ आहे. येथे उपपद नसल्याने हे विशेषनाम की केवळ ‘कोणी प्रतिपक्षी’, याविषयी विद्वानांत मतभेद आहे. कर्तृत्व ईश्वराकडून काढून अन्यत्र ठेवले गेले, याविषयी मात्र शंकेला जागा नाही. उत्तरकालीन ग्रंथकाराला जुनी हकीकत टाकवत नव्हती आणि तशीच सांगवतही नव्हती. या अडचणीतून सैतानाचे स्वतंत्र व्यक्तित्व वाढले. या वाढीस इराणी द्वैतकल्पनेचा हातभार लागला असे पुष्कळदा सांगितले जाते. तो लागलाही असेल, पण दाविदाच्या हकीकतीतील बदल समजण्यास त्याची गरज पडत नाही.

पुढचे काम भाषांतरांनी केले. ग्रीक अनुवादकांनी ‘दियाबोलोस’, म्हणजे निंदक, हा शब्द योजला. यशयाच्या चौदाव्या अध्यायात बाबेलच्या राजाचा उपहास करताना त्याला पहाटेच्या ताऱ्याची उपमा दिली आहे. लॅटिनमध्ये त्या ताऱ्याचे नाव ‘लुसिफेर’. आणि तिसऱ्या शतकात ओरिजेनसारख्यांनी त्या वर्णनात सैतानाचे पतन वाचल्यामुळे ताऱ्याचे नाव सैतानाला चिकटले. एका राजाची थट्टा अशी विश्वाची कथा झाली.

चित्रे शब्दांच्या मागून आली. राव्हेन्ना येथील सहाव्या शतकातील एका कुट्टिमचित्रात ख्रिस्ताच्या एका बाजूस मेंढरांजवळ तांबडा व दुसऱ्या बाजूस शेळ्यांजवळ निळा देवदूत आहे. काहीजण या निळ्या दूताला सैतानाचे सर्वांत जुने उपलब्ध चित्र मानतात. ते खरे असेल तर हा सैतान सुंदर आहे व त्याला प्रभावलयही आहे. बाराव्या शतकातील ओतँच्या द्वारशिल्पात तोच विद्रूप व अस्थिपंजर होऊन आत्म्यांच्या तराजूला झोंबतो आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की रूप पालटले तरी न्यायसभेतील जागा सुटलेली नाही. ती सुटते मिल्टनच्या हाती. त्याचा सैतान स्वतःची सभा भरवतो.

गोव्यात हीच प्रक्रिया वेगळ्या वाटेने घडली. १६१६ मध्ये राशोल येथे छापलेल्या फादर स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’त दुष्ट आत्म्यासाठी ‘देवचार’ हा शब्द आढळतो, आणि कोकणी ख्रिस्ती बोलीत तो त्या अर्थी आजही रूढ आहे. त्याच भूमीतील हिंदूंचा देवचार मात्र रात्री गावाच्या सीमेवर फिरणारा राखणदार आहे. एक्रोनचा देव बालजबूब शुभवर्तमानांत भुतांचा अधिपती ठरला, त्याच जातीचा हा प्रकार होय. परक्यांचे दैवत येथे आपले भूत झाले. परंतु आरोपकाचे पद या शब्दात मुळीच उतरले नाही, कारण देवचाराला देवसभेत कधीच आसन नव्हते.

मराठी बायबलांत अरबी-फारसीमार्गे आलेला ‘सैतान’ स्थिर झाला. मूळ हिब्रूशी त्याचे धातुगत नाते आहे, म्हणून तो अधिक विश्वसनीय वाटतो. तथापि मराठीत निश्चित उपपद नसल्यामुळे ईयोबाच्या पहिल्या अध्यायात शिरणारा अधिकारी मराठी वाचकाला पहिल्याच ओळीत शत्रू म्हणून भेटतो. तेथे ‘आरोपक’ असा शब्द वाचून पाहिला असता त्या सभेतील संभाषणाचा सूर बदलतो, आणि त्यानंतरच्या पस्तीसाहून अधिक अध्यायांत ईयोब सैतानाचे नावदेखील का काढत नाही, हेही उलगडते.