अभाव कशाचा, ते सांगा

आज टीका एका छोट्या प्रोग्रामवर करायची आहे. त्याचं नाव एन्व्हसब्स्ट. सर्व्हरवर सॉफ्टवेअर आपोआप चढवताना कॉन्फिग फाइलचा एक साचा तयार ठेवतात. त्यात डॉलरचं चिन्ह लावून व्हेरिएबल, म्हणजे चलं, लिहिलेली असतात. हा प्रोग्राम त्या जागी मूल्यं भरतो. आता, मूल्य दिलेलंच नसेल तर? तर तो चल पुसून टाकतो, जागा रिकामी सोडतो आणि काम यशस्वी झालं असं कळवतो. माझा आक्षेप इथं आहे.

फ्रेगेनं १८९१ च्या व्याख्यानात फलन हे स्वभावतःच अपूर्ण असतं, असं मांडलं. त्यातली मोकळी जागा भरल्याशिवाय विधान पुरं होत नाही. एन्व्हसब्स्ट मात्र अपुऱ्याला पुरं म्हणतो.

दुसरी चूक जास्त बारीक आहे. इंजिन-एक्स या वेब सर्व्हरच्या फाइलीत डॉलर-यूआरआय असं चल येतं. ते आपण भरायचंच नसतं. प्रत्येक विनंतीच्या वेळी सर्व्हर स्वतः भरतो. एन्व्हसब्स्टला हा भेद कळत नाही, तो तेही पुसतो. मग ‘ट्राय-फाइल्स’च्या ओळीत मागितलेली फाइल शोधायची सूचनाच उरत नाही, आणि तरी ती ओळ व्याकरणानं शुद्ध ठरते! म्हणून तपासणीतही सापडत नाही.

न्याय करायचा तर हेही सांगायला हवं की हा प्रोग्राम ग्नू गेटटेक्स्टचा, म्हणजे अनुवादित संदेशांसाठीच्या साधनांचा भाग. संदेशात एखादा शब्द गळला तर फार बिघडत नाही. कॉन्फिगमध्ये बिघडतं. शेलमध्येही मुळात हीच सवय आहे. जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरच्या स्टीमच्या स्क्रिप्टमध्ये फोल्डरचं नाव धरणारं चल रिकामं निघालं, आणि ‘या फोल्डरमधलं सगळं पुसा’ याचा अर्थ ‘मुळापासून सगळं पुसा’ असा झाला. वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फाइली गेल्या.

आपल्याकडे नैयायिक म्हणतात, अभाव नुसता नसतो. तो कशाचा तरी असतो. घटाभावाचा प्रतियोगी घट. रिकामी जागा हा प्रतियोगीच विसरते. उलट शेलमध्येच चलाच्या नावापुढे कोलन आणि प्रश्नचिन्ह लिहिलं, की मूल्य नसताना स्क्रिप्ट थांबते आणि काय नाही ते नाव घेऊन सांगते. एन्व्हसब्स्टलाही भरायच्या चलांची यादी देता येते. मग बाकीची तो सोडून देतो. मात्र यादीतलं चल मूल्याविना असलं तर तेही मुकाट्यानं पुसलं जातं. म्हणून यादी द्या, आणि त्याआधी प्रत्येक नावाला मूल्य आहे का, हे तपासा. दोन्ही हवं.

यंत्र थांबलं तर रात्री उठावं लागतं, खरं आहे. पण न थांबता चुकीचं चालत राहिलं, तर कधी उठायचं हेच कळत नाही. बरं, आता प्रश्न घेऊ.